एक आत, एक बाहेर

लिफ्ट दोन बोटं खाली थांबली होती. दार उघडलं, मी नेहमीसारखं पाऊल टाकलं, आणि जमीन जिथं असायला हवी तिथं ते न टेकता जरा खोल गेलं. पडले नाही. आतल्या दांडीला हात लागला, काठी खडखडली, एवढंच. दोन बोटं म्हणजे काहीच नाही, पण शरीरानं ते जिन्याची अख्खी पायरी चुकल्यासारखं घेतलं, आणि लिफ्टच्या आरशात मला एक म्हातारी दिसली. तिच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कच्या वर भ्यायलेले डोळे होते. ते भ्यायलेले आहेत हे आरशात पाहून कळलं. मला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. बरेच दिवस मला काही वाटतच नव्हतं; दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग आपला ओठ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागतो, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. मी बाहेर आले आणि आमच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्टशेजारी भिंतीला लावून ठेवलेलं एक लाकडी स्टूल आहे, त्यावर बसले. लिफ्टनं थोडी वाट पाहिली, मग दार लावून घेतलं आणि खालून कुणीतरी बोलावलं म्हणून निघून गेली.

स्टूल ह्यांचं. हे, म्हणजे माझे यजमान, जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या इमारतीची लिफ्ट दत्तक घेतल्यासारखी घेतली. देखभालीला कंपनीचा माणूस यायचा, तो काम करायचा, हे स्टुलावर बसून त्याच्याकडे नुसते बघायचे. तो गेला की गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्यानं केलेलं पुन्हा नीट करायचे. ब्रेकची पट्टी झिजली की लिफ्ट मजल्याला बरोबर लागत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच पाठ झालं होतं. दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या आवडीनिवडी पाठ होतात. घरी येणाऱ्या पाहुण्याला हे पाणी द्यायच्या आधी विचारायचे, "लिफ्ट कशी लागली?" पाहुणा गोंधळायचा. "वर थांबली तर माणूस ठेचकाळतो, खाली थांबली तर भेलकांडतो," हे त्याला समजावून सांगायचे, "आणि दोन्ही वेळा शिव्या मात्र बायको खाते, लवकर आवर म्हणून घाई केली असं सांगून." ह्यांना जाऊन आता तिसरा महिना. लिफ्ट मागच्या आठवड्यापासून खाली थांबायला लागली आहे. आधी एक बोट होतं.

आज माझ्या लशीचा दुसरा डोस. पहिल्याच्या वेळी हे सोबत होते. त्यामुळे आज निघायला उशीर होणार हे मला सकाळी चपला शोधतानाच कळलं होतं, फक्त कारण कोणतं मिळेल ते ठाऊक नव्हतं. ते लिफ्टनं दिलं.

घराचं दार उघडून माझी मुलगी डोकावली. तिचे केस कानामागे खोचलेले, गळ्यात हेडफोन. ती शहराच्या पाणीपुरवठ्याचे नकाशे काढते, कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते ते. बाप गेल्यापासून ती इथंच राहायला आली आहे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आता शहराच्या सगळ्या नळ्या पसरलेल्या असतात.

"आई, अजून इथंच? वेळ बघ काय झाली."

"लिफ्ट खाली गेली."

"मग बोलाव की. बटण दाबलं की येते ती. माझ्यासारखी नाही, दहा हाका मारायला लावणारी."

"तूही चल," मी म्हणाले. "आता नोंदणीही लागत नाही. गेलं की देतात."

"झालं सुरू." तिनं दाराच्या चौकटीला खांदा टेकला. बोलण्याआधी एक श्वास जास्त घेतला. तिला लहानपणापासून दमा आहे, औषधाचा पंप खिशात नसेल तर ती जिन्यापर्यंतही जात नाही. "तू ये जाऊन. तुझं नीट पार पडलं की मी पुढच्या आठवड्यात जाते. मागच्या वेळी कशी फणफणली होतीस, आठवतंय ना? दोघी एकदम आडव्या झालो तर पाणी कोण देणार? एक आत, एक बाहेर."

शेवटचे शब्द तिनं तर्जनी वर करून म्हटले, मग तीच तर्जनी जमिनीकडे वळवली. अगदी बापाची तऱ्हा. मग दार लोटून आत गेली. दार पूर्ण लागलं नाही. आतून तिचा कामाचा आवाज ऐकू यायला लागला, "हो, त्या चौकातला व्हॉल्व्ह आधी बंद करा, मग खणा."

मागचा आठवडा, त्याच्या मागचा आठवडा, असं ती पुढच्या आठवड्यात जाते आहे.

एक आत, एक बाहेर, हे तिच्या बापाचं वाक्य मुळात धंद्यातलं. लिफ्टचा दोर बदलला, ब्रेक उघडला, काहीही मोठं काम केलं की पहिली फेरी मारताना दोन मेकॅनिकांपैकी एकानं लिफ्टच्या आत बसायचं आणि दुसऱ्यानं वर मशीनपाशी ब्रेकवर हात ठेवून उभं राहायचं. दोघांनी कधीही एकदम आत जायचं नाही. ह्यांचे उस्ताद सांगायचे की त्यांच्या तरुणपणी दोन सख्खे भाऊ हौसेनं एकदम बसले होते, आणि मालकाला त्या माऊलीच्या दारात एकच बातमी दोनदा सांगावी लागली. उस्तादांनी हे सांगताना काय चेहरा केला असेल कोण जाणे, पण ह्यांनी ते हाडात मुरवून घेतलं. तरी ते घरात आलं नसतं. आलं ते आमची मुलगी रांगत होती तेव्हा. आम्ही दोघांनी रात्रीच्या उरलेल्या डबाबंद माशांचा सकाळी फडशा पाडला आणि दुपारपर्यंत दोघंही जमिनीवर. उठता येईना. पोर पाळण्यात ओली, उपाशी, रडून रडून आवाज बसलेली, आणि आम्ही दोघं चार हातांवर तिच्याकडे बघत पडलेलो. शेवटी रडणं थांबलं म्हणून शेजारीण घाबरली आणि तिनं दाराची कडी उखडली. त्या दिवसापासून घरात कुठलीही नवी गोष्ट आली की एक आत, एक बाहेर. नवं औषध, अळंबी, नव्या दुकानातलं लोणी, समुद्राचं पाणी. एकानं आधी, दुसऱ्यानं दुसऱ्या दिवशी. नव्या बुटांनाही ह्यांनी तो नियम लावला असता, पण माझा पाय त्यांच्या बुटात रुपयात चार आणे एवढाच होता. मुलीला तर वाटायचं सगळ्याच घरांत असं असतं. शाळेत टोचायला नर्स आल्या तेव्हा तिनं मैत्रिणीला पुढं ढकललं आणि बाईंना सांगितलं, मी बाहेरची आहे. बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. हे इतके हसले की बाईही हसल्या, आणि तो किस्सा आमच्याकडे कितीतरी वर्षं पाहुण्यांना फराळासारखा वाढला गेला.

कुणी वेडपट म्हणेल. पण मला त्यात वेडं काही वाटलं नाही, कारण माझं स्वतःचं काम त्याहून विचित्र होतं. मी विमा कंपनीच्या कोष्टक विभागात होते. तिथं एक लाख मुलं एकाच दिवशी जन्मली असं धरायचं, मग दर वर्षाला त्यांतली किती मरतील ते काढून वजा करायची आणि उरलेली खालच्या ओळीत उतरवायची. असं करत करत शेवटच्या ओळीत कुणीच उरत नसे. आम्ही पाच-सहा जणी होतो, प्रत्येकीच्या पुढ्यात हातानं दांडा फिरवायचं गणकयंत्र, आणि तो सगळ्या यंत्रांचा मिळून येणारा खर्र खर्र आवाज मला अजून कधी कधी पाणी उकळताना ऐकू येतो. ती लाखभर माणसं कुठंच नव्हती, तरी आम्ही त्यांना मंडळी म्हणायचो. "मंडळी चाळिशीला आली का गं?" "आली, ठणठणीत आहेत." साठीच्या पुढं दांडा फिरवून खांदे दुखायचे. आमच्यात एकीला आम्ही दशांश म्हणायचो, कारण ती उत्तर पूर्णांकावर कधी सोडायचीच नाही. तिचं म्हणणं, पाव माणूस मेला तरी तो लिहिला पाहिजे, त्याच्याही घरचे असतीलच ना. खिडकीतून उन्हाची पट्टी टेबलावर सरकायची, पेन्सिलीचा भुगा त्यात चमकायचा, आम्ही गाणी गुणगुणायचो, डबे उघडायचो. किती सुखाचे दिवस. मरण तेव्हा वयाच्या क्रमानं यायचं, रांग न मोडता, आणि पाच वाजले की आम्ही यंत्रांवर कापड टाकून घरी जायचो. घरी हे विचारायचे, "आज किती मारलेस?" मी म्हणायचे, "सत्तरीतले संपत आले." "मला ठेवलंय ना?" "तुम्ही त्यात नाहीच. कोष्टकात कोण मेलं ते नसतं, किती तेवढंच असतं." "मग ठीक," हे म्हणायचे आणि जेवायला बसायचे.

लस आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर आमचं बोलणं झालं. तेव्हा टेबलावर नळ्या नव्हत्या. मी म्हटलं, आधी तुम्ही घ्या, हजारात तुमच्यासारखे जास्त जातात. पुरुष, त्यात वय, त्यात साखर.

"हजारात मला सांगू नकोस," हे म्हणाले. "माझ्या लिफ्टमध्ये माणसं मोजून सहा."

"तरी."

"तरी काय? नवी वस्तू आहे. आत बसतो त्याचा जीव टांगणीला, बाहेरचा ब्रेक धरून उभा. तुला ताप आला तर मी चहा देईन, पाणी देईन, डोकं चेपीन. मला आला तर तू मला उचलणार आहेस? आधी आरशात बघ. एक आत, एक बाहेर. तू आत जा, मी बाहेर आहे."

त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. दोघांच्या वेळा एकाच दिवशी मिळाल्या होत्या. ह्यांनी आपली सोडून दिली, कुणा गरजूला मिळेल म्हणाले.

केंद्र एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. आत खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळी म्हातारी माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली, जणू काहीतरी सुरू व्हायचं आहे. सुई टोचली ते कळलंही नाही. मग अर्धा तास बसवून ठेवतात. माझी खुर्ची खिडकीशी होती आणि खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर आतल्यांची माणसं उभी होती, ही गर्दी, एकाला एक चिकटून; आत जेवढी शिस्त तेवढाच बाहेर जत्रेचा थाट. हे फाटकाच्या गजावर हात ठेवून उभे होते. धरून उभे होते. मास्क हनुवटीवर ओढलेला, दुसऱ्या हातात कागदी पेला, आणि शेजारच्या एका जाडजूड माणसाला काहीतरी रंगून सांगत होते. लिफ्टचंच असणार. तो माणूस खोकला, हसला, परत खोकला. मग ह्यांनी मला पाहिलं आणि तळहात आडवा करून हवेत वरखाली केला. आमची खूण होती ती. बरोबर लागलं का? मी माझा तळहात आडवा धरून स्थिर ठेवला. बरोबर लागलं. हे खूश झाले, जाडजूड माणसालाही त्यांनी मी दाखवली.

त्या माणसामुळेच असं मी म्हणत नाही. कुठूनही आलं असेल. दुधाच्या पिशवीवरून, जिन्यात, कुठूनही. मला दोन दिवस ताप आला, ह्यांनी चहा दिला, पाणी दिलं, डोकं चेपलं. तिसऱ्या दिवशी मी उठले. मग त्यांना ताप आला. हसत म्हणाले, तुझीच नक्कल करतोय. त्यांनी लशीची नवी वेळ घेतली होती, ती यायच्या आधी रुग्णवाहिका आली. हे आत आणि आम्ही दोघी बाहेर, फाटकाच्याही बाहेर, आणि ह्या खेपेला ब्रेक कुणाच्याच हातात नव्हता. वर नेल्यावर त्यांचा मुलीच्या फोनवर निरोप आला होता: स्ट्रेचरची लिफ्ट आहे, मजल्याला अगदी बरोबर लागते, चाकं अडकली नाहीत. त्यानंतर निरोप आला नाही. मग तिथल्या डॉक्टरांचा फोन आला तो मुलीनंच घेतला. ती नुसती हो, हो म्हणत होती, आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घड्या पूर्ण घातल्या. ह्यांचाही शर्ट त्यात होता, त्याचीही घातली.

दशांशाचा फोन आला होता. तीही आता काठीवर आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला विचारलं, समजा ह्यांनी त्या दिवशी घेतली असती तर. तिकडून टेबलावर पेन्सिल टकटक वाजली. पूर्वी अवघड भागाकार आला की अशीच वाजवायची. मग म्हणाली, "हजारांचं मला सांगता येईल. त्यांचं सांगता येणार नाही. अगं, आपण जन्मभर तेवढंच केलं ना." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "पोरीनं घेतली का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "तिला दमा ना?" आणि फोनवर दोन्हीकडून फक्त श्वास ऐकू येत राहिला.

स्टुलावर बसल्या बसल्या मला लिफ्टचा दोर दिसत होता, दाराच्या काचेतून, ग्रीस लागलेला, काळा, हलणारा. खालून कुणीतरी वर येत असावं. ह्यांच्या नियमात आत म्हणजे धोका. आत पोकळी, पाच मजले खोल, आणि बाहेर घट्ट जमीन, ब्रेक, दुसऱ्याचा हात. तो नियम लिफ्टचा होता. ह्या रोगात पोकळी बाहेर होती. फाटकापाशी, चहाच्या पेल्यापाशी, जिन्यात, दुधाच्या पिशवीवर. सगळं गाव त्या पोकळीत उभं होतं आणि आतल्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना निदान धरायला एखादी दांडी मिळाली होती. हे माझ्या लक्षात आजच आलं असं नाही. घड्या घालतानाच आलं असावं. पण लक्षात येणं आणि तोंडावाटे निघणं यांच्यामध्ये एक मजला असतो. मुलीला हे सांगायचं म्हणजे, तुझा बाप आपल्याच नियमानं गेला, असं सांगायचं. आणि ती तर त्याचा नियम धरून बसली होती, जसा तो फाटकाचा गज धरून उभा होता, तशीच, मास्क हनुवटीवर ओढून, रंगून.

लिफ्ट आली. रिकामीच होती, जो कोणी वर येत होता तो मधेच उतरला असणार. दार उघडलं. मी या वेळी बघून पाऊल टाकलं आणि आत गेले, पण एक पाय आणि काठी बाहेरच ठेवली. दार माझ्या काठीला लागलं, मागं गेलं, परत आलं, परत मागं गेलं. तिसऱ्या खेपेला लिफ्ट चिडून वाजायला लागली.

मुलगी बाहेर आली. "काय चाललंय? अडकलीस का?"

"नाही."

"मग पाय आत घे. नाहीतर बाहेर घे. कुठलं तरी एक कर."

"बाबा बाहेर उभे होते," मी म्हणाले.

तिला वाटलं मी गेल्या वेळची आठवण काढते आहे. "हो, माहीत आहे. मीही येईन खाली फाटकापर्यंत, हवं तर."

"मी आत होते. ते बाहेर होते. मी आहे."

लिफ्ट वाजत होती. मुलीनं हेडफोन गळ्यातून काढला आणि हातात धरला. आतल्या फोनवर कुणीतरी तिला हॅलो हॅलो करत होतं, ते मला एवढ्या लांबूनही ऐकू आलं. ती रडेल असं मला वाटलं, आणि मी मनाशी म्हटलं, ती रडली तर मलाही रडू येईल का ते कळेल. पण ती रडली नाही.

"मला हे कळलं नसेल असं वाटलं तुला?" ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग." तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "त्यांचं तेवढंच उरलंय माझ्याकडे. शर्ट तू देऊन टाकलेस. तेही चुकीचं निघालं म्हणू?"

"चुकीचं नाही. लिफ्टला बरोबर आहे."

ती हसली नाही, पण तिच्या नाकातून हसण्याआधीची हवा बाहेर पडली. अगदी बापासारखी. मग खिशातला पंप चाचपला.

"दोघींना ताप आला तर?"

"येऊ दे."

"पाणी कोण देणार?"

"शेजारीण दार फोडेल. पूर्वी फोडलं होतं."

"ती शेजारीण कधीच गेली, आई."

"मग नवी आहे. तिलाही हात आहेतच."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी जिन्यात ओरडलं, लिफ्ट सोडा हो. मी काठी हलवली नाही. मला त्या वेळी कोष्टकातली मंडळी आठवली, तिच्या वयाची ओळ, मधलीच, जिथं वजाबाकी इतकी बारीक असते की आम्ही तिथं गप्पा मारत दांडा फिरवायचो. त्या ओळीतून कोण जातं हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"गॅसवर दूध आहे," ती म्हणाली.

"बंद कर."

ती आत गेली. हॅलो हॅलो करणाऱ्या माणसाला तिनं काहीतरी सांगितलं, मग गॅसचं बटण फिरलं, मग बराच वेळ काहीच नाही. मी चपलांचा आवाज ऐकायला कान लावून उभी होते. वरचा माणूस पुन्हा ओरडला. मला वाटलं, ती येणार नाही, आणि हे वाटलं तेव्हाही अंगात कुठं काही हललं नाही. फक्त काठी धरलेला हात दुखायला लागला आहे एवढं कळलं. मग घराचं दार ओढल्याचा आणि कुलपाचा आवाज आला.

मास्क नाकावर चढवत ती लिफ्टपाशी आली. आत यायच्या आधी वाकली, मजल्याची कड आणि लिफ्टची जमीन यांच्या मधल्या फटीशी तिनं बोटं उभी धरली आणि मान तिरकी करून पाहिलं.

"दोन," ती म्हणाली.

मी काठी आत घेतली. ती उतरून माझ्या शेजारी उभी राहिली आणि दोघींच्या वजनानं लिफ्ट किंचित खाली बसली. दोर ताणले गेले की बसते तेवढीच. तिनं खाली पाहिलं.

"अडीच," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.